घरांत बंदूक ठेवावी काय?

बालाघाटच्या माथ्यावर वसलेलें येरमाळा हें मोठ्या रहदारीचें गांव आहे. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा हमरस्ता येथून जातो. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत येडेश्वरीच्या दर्शनास व चुनखडी वेंचण्यास लाखों माणसें लोटतात. पण यात्रा पांगली कीं मागें उरतात तीं मळ्यामळ्यांतून विखुरलेलीं कष्टकऱ्यांचीं घरें. तेथें रात्रीं दिवा मालवला म्हणजे हांकेला ओ देणारें शेजारचें घर चार शेतें पलीकडे असतें. घरांत म्हातारी, लेकुरवाळी सून, गोठ्यांत दोन बैल, आणि पत्र्याच्या पेटींत सोयाबीनचे आलेले चार पैसे. अशा घरच्या कर्त्या माणसानें "घरांत एखादी बंदूक ठेवावी काय?" असें विचारलें, तर तो प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. फाटकावर पहारेकरी बसवून निजणाऱ्या शहरवासीयांना तो हास्यास्पद वाटेल. आम्हांस वाटत नाहीं. म्हणून त्याचा सरळ विचार आज येथें करूं.

लोकांच्या मनांतील भीति उगीच उत्पन्न झालेली नाहीं. २०२४ च्या पावसाळ्यांत मराठवाड्यांतील अनेक खेड्यांवर रात्रीं ड्रोन घिरट्या घालूं लागले. चोर वरून टेहळणी करतात अशी वदंता उठली, आणि बीड-धाराशिवकडील गांवेंच्या गांवें लाठ्या घेऊन रात्र रात्र जागलीं. त्याच सालीं ९ डिसेंबरला, कळंब तालुक्याला लागून असलेल्या केज तालुक्यांत, मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना उचलून नेऊन हाल हाल करून ठार मारण्यांत आलें. त्याच महिन्यांत येडशी-रामलिंगच्या अभयारण्यांत एक वाघ दिसला. तो यवतमाळकडील टिपेश्वरच्या रानांतून शेंकडों किलोमीटर चालून आला होता. चोराची भीति, गुंडाची भीति आणि जनावराची भीति अशा तिन्ही भीति एका वर्षांत एका टापूंत आल्या. मग बंदुकीची आठवण झाली तर नवल काय?

परंतु शेतकऱ्याच्या हातीं हत्यार असावें कीं नसावें, हें आजवर शेतकऱ्याला कोणीं विचारलेंच नाहीं. १८७८ सालीं लॉर्ड लिटनच्या अमदानींत इंग्रज सरकारनें शस्त्रांचा कायदा केला. त्यांत गोऱ्याला परवान्याची माफी आणि काळ्याला परवान्याची सक्ति, असा न्याय होता. त्याच सालीं देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडालाही कायद्यानें कुलूप घातलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. हात आणि तोंड एकाच वर्षीं बांधलीं गेलीं. येरमाळा तर मोगलाईंतलें गांव. तेथें निजामाचा अंमल. १९४७-४८ सालीं रझाकारांच्या टोळ्या बंदुका घेऊन खेड्यांवर चाल करीत, तेव्हां रयतेच्या हातीं बहुतेक गोफण, कुऱ्हाड आणि काठी एवढेंच होतें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजाम शरण आला आणि तें संकट टळलें. त्या दिवसांनीं दोन धडे शिकविले. बळी तो कान पिळी, आणि निःशस्त्र माणसाला कोणी विचारीत नाहीं, हा एक. दुसरा असा कीं, तें संकट टळलें तें एकेका घरांतल्या एकेका बंदुकीनें टळलें नाहीं. लोकांच्या एकजुटीनें व फौजेच्या बळानें टळलें. पहिला धडा सर्वांना पाठ आहे. दुसरा लोक विसरूं लागले आहेत, म्हणून हा लेख लिहावा लागत आहे.

आतां आजचा कायदा पाहूं. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र कायदा आला व तो १९६२ पासून अंमलांत आहे. त्यांत गोरा-काळा हा भेद नाहीं. एकवीस वर्षें पुरीं झालेल्या कोणाही नागरिकाला जिल्हाधिकाऱ्याकडे परवाना मागतां येतो. संरक्षणासाठीं वीस इंचांहून कमी नाहीं अशा गुळगुळीत नळीची बंदूक, व पिकाच्या राखणीसाठीं ठासणीची बंदूक, यांचा उल्लेख कायद्यांत मुद्दाम केलेला आहे. आणि आमच्या गरीब बंधूंनीं गांठीस बांधून ठेवावें असें एक कलम त्यांत आहे. चौदाव्या कलमांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणावरून परवाना नाकारतां येणार नाहीं. नाकारला तर कारणें लेखी नोंदवावीं लागतात, अर्जदारानें मागितलीं तर सार्वजनिक हिताला बाध येत नसल्यास त्याला तीं द्यावीं लागतात, आणि त्यावर अपीलही करतां येतें. तेव्हां कोणी कारकून "तुझ्यापाशीं असें आहे तरी काय राखायला?" असें म्हणाला, तर त्याला हें कलम दाखवावें. कष्टकऱ्याचा जीव हीच त्याची मोठी मालमत्ता आहे.

कायदा असा असतांना परवाने खरोखर कोणाला मिळतात? शेजारच्या बीड जिल्ह्यांत देशमुखांच्या खुनानंतर लोकांनीं हिशेब मागितला, तेव्हां त्या एका जिल्ह्यांत बाराशेंच्या वर परवाने असल्याचें उघड झालें. हवेंत बार काढणाऱ्या शूरांचीं चित्रें मोबाईलवर फिरूं लागलीं, आणि २०२५ सालीं प्रशासनाला शंभराहून अधिक परवाने रद्द करावे लागले. एवढीं हत्यारें जिल्ह्यांत असतांना एका खेड्याच्या सरपंचाचा जीव वांचला काय? नाहीं. उलट त्या हत्यारांच्या दराऱ्यानें गरिबाचें तोंड बंद झालें. कमरेला पिस्तूल लावून लग्नाच्या मांडवांत हिंडणें, वाढदिवसाला बार उडविणें, ग्रामसभेंत टेबलावर हत्यार ठेवणें, याला रक्षण म्हणत नाहींत; ही नव्या जमान्यांतली नवी देशमुखी-पाटीलकी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें आनंदाच्या भरांत माणसांच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षेंपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही, अशी शिक्षा ठेविली आहे. आमच्या तरुणांनीं असल्या शूरांच्या मागें मोटारींतून हिंडण्यांत भूषण मानूं नये.

असो. आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. बंदूक घराचें रक्षण करते काय? आमचें मत असें कीं, बहुतेक घरांत ती करीत नाहीं. चोर येतो तो घरचीं माणसें लग्नाला किंवा ऊसतोडीला गेल्यावर, अथवा सर्व गाढ झोंपेंत असतांना. पहिल्या प्रसंगीं बंदूक चालवायला कोणी नसतें; उलट चोराला सर्वांत मोठा माल तीच मिळते. दुसऱ्या प्रसंगीं अंधारांत डोळे चोळीत उठलेला माणूस बंदूक काढून, काडतूस भरून, समोर कोण आहे हें ओळखीपर्यंत जें व्हायचें तें होऊन जातें. न ओळखतां चालविली तर पुढें उभा असलेला बहुधा परसाकडे जाऊन आलेला आपला भाऊ किंवा उशिरा पाणी धरून आलेला आपला मुलगा असतो. अमेरिकेंत घरोघर बंदुका आहेत. तेथें १९९३ सालीं केलरमन नांवाच्या डॉक्टरानें व त्याच्या सोबत्यांनीं खुनाचे प्रकार तपासून असें दाखविलें कीं, ज्या घरांत बंदूक होती त्या घरांत खून होण्याचा संभव कमी नव्हता, उलट बराच अधिक होता. आणि मारणारा बहुधा घरचा किंवा ओळखीचाच होता. कुंपणानेंच शेत खाल्लें म्हणतात तें असें.

याहून एक कठीण गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती टाळणें आम्हांस पाप वाटतें. बीड-धाराशिवच्या पट्ट्यांत कर्जानें व नापिकीनें पिचलेल्या किती शेतकऱ्यांनीं आपल्याच हातानें आपला जीव घेतला, हें प्रत्येक गांव जाणतें. माणसाच्या मनांत काळी घटका येते आणि पुष्कळदां ती निघूनही जाते. मध्यें कोणी हांक मारली, लेकरूं रडलें, शेजारी आला, कीं माणूस परततो. परंतु हाताशीं भरलेली बंदूक असली तर परतण्याला अवसरच राहत नाहीं. अमेरिकेंत बंदुकीनें होणाऱ्या मृत्यूंपैकीं निम्म्याहून अधिक आत्महत्येचे असतात. सबब ज्या घरांत कर्जाचा घोर लागला आहे, ज्या घरांत कोणी दारू पितो, जेथें भाऊबंदकीचा दावा पेटला आहे, किंवा कोणाचें मन ठिकाणावर नाहीं, त्या घरांत बंदूक आणूं नये. असली तर जमा करावी. असल्या घरच्या माउलींनीं हें काम पुरुषांवर सोडूं नये. घरांत कोणतें हत्यार यावें हें विचारण्याचा हक्क चूल पेटविणाऱ्या बाईला पहिला आहे.

एवढेंही ऐकून, एकट्या वस्तीवर राहणाऱ्या एखाद्या बंधूची खात्री असेल कीं आपल्याला बंदूक पाहिजेच, तर त्याला आम्ही भित्रा म्हणणार नाहीं कीं मूर्खही म्हणणार नाहीं. त्यानें ती नीट पारखून घ्यावी, एवढेंच सांगणें आहे. शेतकऱ्याच्या घराला साधी बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी पुरे. तिचे छर्रे पसरतात आणि दूर जातांना त्यांचा जोर ओसरतो. रायफलची गोळी किलोमीटरहून पलीकडे जाऊन तेथें निजलेल्या परक्या लेकराला लागूं शकते. आपल्या पत्र्याच्या घरांच्या भिंती तिला कागदासारख्या आहेत. पिस्तूल व रिव्हॉल्व्हर हीं हत्यारें दिसण्यांत ऐटदार, परंतु घाबरलेल्या हातानें त्यांचा नेम लागत नाहीं. किंमत भारी, आणि खिशांत मावत असल्यामुळें भांडणांत चटकन बाहेर येतात. दस्ता आपल्या खांद्याला बसतो कीं नाहीं, नळी आंतून स्वच्छ आहे कीं गंजलेली, चाप फार हलका तर नाहीं, हें पाहावें. जुनी घ्यावयाची तर जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावी, आणि खरेदी परवानाधारक दुकानांतून पावती घेऊनच करावी. गांवठी कट्ट्याकडे तर पाहूंही नये. तो शत्रूवर चालण्याआधीं धरणाऱ्याच्याच हातांत फुटायचा. आणि विनापरवाना हत्यार बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें दोन वर्षांहून कमी नाहीं व पांच वर्षेंपर्यंत कैद आहे. चोराच्या भीतीनें घेतलेली वस्तु आपल्यालाच चोरांच्या रांगेंत बसविते.

बंदूक घेण्यापेक्षां बंदूक सांभाळणें अवघड. २०१६ च्या नियमांनीं परवान्यापूर्वीं हत्यार हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखला मागितला आहे, तो उपचार समजूं नये. शेजारच्या वाशी तालुक्यांतील तेरखेड्याला फटाके तयार होतात. तेथील कामगारांना विचारा, दारूला आपपर कळत नाहीं. नियम थोडे आहेत, पण एकही मोडूं नये. बंदूक नेहमीं रिकामी ठेवावी. ती लोखंडी पेटींत कुलुपांत, आणि काडतुसें निराळ्या कुलुपांत. दोन्ही किल्ल्या एकाच माणसापाशीं, आणि लेकरांना त्यांची जागा ठाऊक नसावी. हातीं घेतली कीं प्रथम उघडून ती रिकामी आहे हें पाहावें; "रिकामीच आहे" असें म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये, मग तो सख्खा भाऊ कां असेना. नळीचें तोंड माणसाकडे, गुरांकडे, दाराकडे कधीं करूं नये. बोट चापावर ठेवूं नये. पावसाळ्यांत ओल धरूं न देतां कापडानें पुसून तेलाचा हलका हात द्यावा. भिंतीला टांगून शोभा करूं नये. काडतुसें मोजून वहींत लिहावीं. परवान्याची मुदत २०१९ पासून पांच वर्षें आहे. ती संपण्याच्या आंत नूतनीकरण करावें. निवडणुकीच्या काळांत जमा करण्याचा हुकूम आला तर जमा करून पावती घ्यावी. परवानाधारक वारला तर बंदूक घरच्यांची आपोआप होत नाहीं. ती ठाण्यांत किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी आणि मग वारसानें आपल्या नांवें परवाना मागावा. बापाची आठवण म्हणून माळ्यावर दडवून ठेवलेली बंदूक मुलाला तुरुंगांत नेते.

आतां ती चालवावी केव्हां, हें नीट ऐकावें. १ जुलै २०२४ पासून पीनल कोड जाऊन भारतीय न्याय संहिता आली. आत्मसंरक्षणाचा हक्क तींतही कायम आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणें, किंवा जिवावर बेतण्याची वाजवी धास्ती वाटेल अशी चोरी, अशा प्रसंगीं हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा संरक्षण देतो. पण गरजेपेक्षां अधिक इजा करूं नये, आणि सरकारी मदत मिळविण्यास अवसर असेल तर ती घ्यावी, अशा दोन अटी आहेत. पळणाऱ्याच्या पाठींत गोळी घालणें हें संरक्षण नव्हे. शेंगा चोरणाऱ्या पोरावर बंदूक उचलणें हा तर उघड खून होय.

ह्याच ठिकाणीं आमच्या समाजानें आपलें अंतःकरण तपासावें. अफवेनें पेटलेल्या मनाला काठीसुद्धां पुरते. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारे आले या मोबाईलवरच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच भिक्षेकऱ्यांना जमावानें ठेंचून मारलें. चोर सोडून संन्याशाला फांशी, ही म्हण तेथें अक्षरशः खरी झाली. त्या जमावापाशीं बंदुका असत्या तर किती प्रेतें पडलीं असतीं? आमच्या टापूंत रात्रीं कांहीं खुट्ट झालें कीं पारध्याच्या पालाकडे बोट जातें. १८७१ च्या इंग्रजी कायद्यानें कित्येक जमातींच्या कपाळीं जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, पण आमच्या मनांतला अद्याप रद्द झाला नाहीं. आपल्याला ज्यांनीं जन्मावरून हिणविलें त्यांची आम्हांस चीड येते. मग आम्हीच दुसऱ्याला जन्मावरून चोर ठरविणें कोणत्या तोंडानें? बंदूक ज्याच्या घरीं येईल त्यानें हा शिक्का आधीं मनांतून पुसावा.

वाघाविषयीं दोन शब्द. जिवावर बेतलें असतां स्वतःला वांचविण्यासाठीं जनावर मारलें तर १९७२ चा वन्यजीव कायदा त्याला गुन्हा म्हणत नाहीं. पण माग काढून वाघ मारणाऱ्यास किमान तीन वर्षें कैद आहे. शिवाय अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आंत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीवांचून देतां येत नाहीं. तेव्हां येडशी-रामलिंगाच्या आसपासच्या गांवकऱ्यांनीं अर्जाआधीं हें विचारून घ्यावें. जनावर मेलें तर पंचनामा करून सरकारकडून भरपाई घ्यावी. गोठ्याला भक्कम दार आणि रात्रभर एक दिवा, हा वाघाला बंदुकीपेक्षां चांगला उतारा आहे.

मग घर राखावें कशानें? पैसा व दागिने पेटींत न ठेवतां बँकेंत ठेवावे. दाराला आंतून आडणा, अंगणांत सौरदिवा, दारांत दोन गांवठी कुत्रीं. शेजारच्या चार वस्त्यांचे मोबाईल क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि ११२ हा क्रमांक शाळेंत जाणाऱ्या पोराला पाठ असावा. आणि सर्वांवर उपाय म्हणजे ग्रामसुरक्षा दल. पूर्वीं गांवाची राखण जागल्याच्या माथीं मारून बाकीचे निजत असत, आणि चोरी झाली कीं त्यालाच आधीं धरीत. ती रीत गेली हें बरें झालें. आतां प्रत्येक घरानें पाळी घ्यावी, मग घर पाटलाचें असो, सुताराचें असो, मातंगाचें असो कीं पारध्याचें असो. ज्या पहाऱ्यांत सर्व जातींचीं माणसें एकत्र जागतात, तेथें अफवा टिकत नाहीं आणि चोरालाही वाव राहत नाहीं.

सरकारकडे आमचें मागणें इतकेंच. धाराशिव जिल्ह्यांत परवाने किती व कोणत्या कारणांसाठीं दिले, याचे आंकडे दरसाल प्रसिद्ध करावे. ज्यांच्यावर गुन्हे आहेत त्यांचे परवाने पुढाऱ्याचा फोन आला म्हणून राखूं नयेत. एकट्या वस्तीवरच्या गरिबाचा अर्ज पैसेवाल्याच्या अर्जाखालीं दाबूं नये. रात्रीची गस्त हमरस्त्यावरच न फिरतां मळ्यांच्या वाटांनींही फिरावी. आणि ११२ ला हांक मारली तर गाडी वेळेवर यावी. ती वेळेवर आली तर निम्म्या लोकांना बंदुकीची आठवणही होणार नाहीं.

बंधुभगिनींनो, सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी ती उरांत खुपसून घेत नाहीं. बंदूक हक्कानें मागा, गरज असेल तरच घ्या, घेतली तर कुलुपांत ठेवा. आणि ती घेण्याआधीं एकदां शेजारच्या चार घरांच्या कर्त्या माणसांना बोलावून, आज रात्रीं पहिल्या पाळीला कोण जागणार, तें ठरवा.